टल्साचं घर आणि काकांचा फॉरवर्ड

अण्णाकाका: अगं हे खरं का, अर्धं ओक्लाहोमा आदिवासींना परत दिलं म्हणे कोर्टाने, तुमचं घर टल्सातच ना, लोन चालूय ना अजून 😳

ताई (टल्सा): काका ते २०२० चं आहे हो, फिरतंय अजून. घर आमचंच आहे, टॅक्सही आम्हीच भरतो 😅 मालकीचा प्रश्नच नव्हता, गुन्हा झाला तर खटला कोणी चालवायचा एवढंच होतं

वकील मामा: बरोबर. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची मॅकगर्ट वि. ओक्लाहोमा केस, ५-४ न्यायाधीशांनी. १८३० च्या दशकात मस्कोगी (क्रीक) लोकांना अलाबामा-जॉर्जियातून हाकलून इकडे आणलं आणि ही जमीन तुमची असा करार केला, मग १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं आणि सगळे ते रिझर्व्हेशन (जमातीसाठी राखलेला मुलूख) संपलं असं धरूनच चालले. जस्टिस गोर्सच म्हणाले काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) ते मोडल्याचा कायदा दाखवा, तो कुठे नव्हताच! म्हणून तिथल्या जमातीच्या माणसाने गुन्हा केला तर राज्याचं कोर्ट नाही, मोठा गुन्हा असेल तर फेडरल म्हणजे केंद्राचं, बारीकसारीक जमातीच्या कोर्टात

मावशी: म्हणजे आपल्या आदिवासी भागातल्या पेसा कायद्यासारखं का

वकील मामा: नाही ग, पेसात ग्रामसभेला अधिकार आहेत पण पोलीस-कोर्ट राज्याचंच. यांचे स्वतःचे पोलीस, स्वतःची कोर्टं, आणि करार थेट अमेरिकेशी

दादा: मग राज्य गप्प बसलं?

ताई (टल्सा): कसलं गप्प. निकालच फिरवा म्हणून परत कोर्टात गेले, जेलमधले सगळे सुटतील अशी बोंब 🙄

वकील मामा: निकाल फिरवायला कोर्टाने नकार दिला, पण २०२२ ला दुसऱ्या केसमध्ये, परत ५-४ च, ठरलं की आरोपी जमातीबाहेरचा आणि पीडित जमातीतला असेल तर राज्यही खटला चालवू शकतं. मधे आधीच्या पाचातल्या जस्टिस गिन्सबर्ग वारल्या, त्यांच्या जागी बॅरेट आल्या, तेवढ्यात पारडं फिरलं. गोर्सचनी विरोधात जाम कडक लिहिलंय. करार तोच, कायदा तोच, बदललं फक्त एक खुर्चीवरचं माणूस, हे मला तरी पटत नाही

अण्णाकाका: आणि ही त्या मुलखात चोरीत सापडली तर?

ताई (टल्सा): काका!! 😂 आपण जमातीतले नाही, मला राज्यच आत टाकणार

मावशी: आधी तो फॉरवर्ड डिलीट करा, सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलाय तुम्ही