विषय: जानेवारीत काल्पे – कपडे किती, चढ किती?

प्रेषक: रॉटरडॅमकर

नमस्कार मंडळी,
१० ते ३१ जानेवारी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काल्पेला मुक्काम ठरलाय. रॉटरडॅमच्या पावसाला कंटाळून समुद्रासमोरचा फ्लॅट घेतलाय. आठवडाभर घरून काम, शनिवार-रविवार सायकल. थंडीचे कपडे न्यावेत का? (सौ.चं म्हणणं, स्पेनला कोण स्वेटर नेतं!) आणि चढ झेपतील का? पुण्यात बोपदेव घाट करायचो, पण त्याला पंधरा वर्षं झाली. रॉटरडॅममध्ये चढ म्हणजे पूल.

---

प्रेषक: देनियाची ताई

दादा, स्वेटर आणा. रस्त्यासाठी नाही, घरासाठी.

इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी गार, भिंती पातळ, हीटिंग बहुतेक ठिकाणी नाहीच. जानेवारीत दुपारी बाहेर पंधरा-सोळा अंश असतात, माणसं कॅफेबाहेर उन्हात बसलेली असतात, आणि मी घरात शाल पांघरून लॅपटॉपवर. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपल्यालाच थंडी बाधतेय. मग शेजारच्या आजी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून कांदा चिरताना दिसल्या.

फ्लॅटचं तोंड कुठे आहे ते घरमालकाला विचारा. वास्तुशास्त्र तीन आठवडे माळ्यावर टाका, इथे हिवाळ्यात दक्षिणमुखी घर मिळालं तर नशीब. समुद्र पूर्वेला असेल तर सकाळी ऊन भरपूर, जेवणवेळेनंतर काळोखी. खोली गरम करायची बुटेन गॅसची शेगडी असेल तर उत्तम. तिची नारिंगी टाकी १२.५ किलोची, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरची धाकटी बहीण. पेटवाल तेव्हा खिडकी किलकिली ठेवा. तिची वाफ भिंतींवर जमते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. कपडे वाळायला दोन दिवस. सायकलचे कपडे दोन जोड आणा, नाहीतर रविवारी ओलेच घालाल.

बाकी मजा आहे. संत्री जाळीच्या पिशवीतून किलोंनी घ्यायची. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, तेव्हा बँक-पोस्टाची कामं सकाळीच उरका. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो. तुम्ही येईपर्यंत तो संपलेला असेल, पण हिहोनाची बदाम-मधाची तुरोन वडी तेव्हा स्वस्तात मिळते. संक्रांतीला मी तिळाच्या वड्यांशेजारी तीच ठेवते, कुणी तक्रार केलेली नाही.

सायकलचं काल्पेकरांना विचारा. मी देनियातल्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या सपाट वाटेवर बागांमधून जाते आणि तेवढ्यावर समाधानी आहे.

---

प्रेषक: काल्पेकर

ताईंनी घराचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो.

बोपदेव चढलेल्या माणसाने इथल्या कोल दे रातेस घाटाला घाबरू नये. पारसेंत गावातून साडेसहा किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, माथा सव्वासहाशे मीटरच्या थोडा वर. एका लयीत चढता येतो. फक्त एक मानसिक तयारी हवी. डिसेंबर-जानेवारीत व्यावसायिक संघ सरावाला इथेच असतात. आपण धापा टाकत असताना दहा-पंधरा जण गप्पा मारत शेजारून निघून जातात. अपमान वाटून घेऊ नका, ते त्याचे पैसे घेतात.

खरी परीक्षा उताराची. पहिल्या हिवाळ्यात मी माथ्यावर घामाघूम पोचलो, फोटो काढले आणि तसाच पलीकडच्या तार्बेना गावाच्या बाजूला सुटलो. डोंगराच्या सावलीत बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही ते कळेना. तेव्हापासून वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात. विसरलात तर बारमधून शिळं वर्तमानपत्र मागा आणि जर्सीत छातीवर सरकवा.

सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. पुण्याच्या सवयीने पाचला निघाल तर अंधारात बर्फासारखी हवा खाल. साडेनऊला निघा, दहा-साडेदहाला एखाद्या गावात थांबा. इथे सकाळच्या त्या खाण्याला एस्मोर्सारेत म्हणतात: अर्ध्या पावात बटाट्याचं ऑम्लेट, शेजारी ऑलिव्ह आणि सालासकट शेंगदाणे. शेंगा फोडत बसलेले म्हातारे बघून मला दरवेळी एसटी स्टँड आठवतो. शेवटी क्रेमाएत, म्हणजे रम पेटवून, लिंबाची साल आणि दालचिनी घालून केलेली कॉफी. ती परतीच्या वाटेवर नको, घरी पोचल्यावर.

शनिवारी शालो गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, नदीकाठी गाड्यांची झुंबड असते. तिकडे रविवारी जा. महिनाअखेरीस त्याच खोऱ्यात बदाम फुलायला लागतो. काल्पेहून आल्तेआकडे जाल तर मास्कारातच्या घळीत बोगदे आहेत, मागेपुढे दिवे लावा. गावाबाहेर हेल्मेट घालाच. गाड्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण पाळतात. मला सुरुवातीला ते इतकं विचित्र वाटायचं की मागे गाडी थांबून राहिली की मीच बाजूला होऊन तिला हात करायचो.

भाड्याची सायकल आत्ताच राखून ठेवा. जानेवारीत मधले माप आधी संपते.

---

प्रेषक: देनियाची ताई

काल्पेकर, क्रेमाएतबद्दल हे तुम्ही सांगावं? गेल्या फेब्रुवारीत पारसेंतहून तुमची सायकल कोणाच्या डिकीतून आली, ते मंडळाला सांगू का?

---

प्रेषक: काल्पेकर

चेन तुटली होती.

---

प्रेषक: रॉटरडॅमकर

मनापासून आभार. घरमालकाला विचारलं. फ्लॅट उत्तरमुखी आहे. वास्तूच्या दृष्टीने उत्तम, असं सौ.च्या आईचं मत पडलं.

दोन स्वेटर घेतले. इथल्या सुरिनामी दुकानात चांगला गूळ मिळतो, संक्रांतीसाठी किती किलो आणू?

---

प्रेषक: देनियाची ताई

दोन किलो. आणि उत्तरमुखी असेल तर लोकरीचे मोजे पण.