मदत हवी आहे: जुना कॉम्प्युटर नव्याने लोड केला, आता विंडोज, कोरल आणि श्रीलिपीचे परवाने परत कसे मिळवू?

सुरंगी:

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं अशी कामं असतात, आणि आंबा सुरू झाला की लेबलंच लेबलं. बागायतदार पेट्या भरायला लागले की लेबल आजच्या आज हवं असतं. म्हणून जरा घाईत आहे.

गेल्या महिन्यात मी एक सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. ज्या छापखान्यात मी तीन वर्षं कंपोझिंग शिकले, तिथलाच. छापखान्याचे काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने प्रेस बंद केली आणि मशीन मला दिलं. सोबत श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल (परवाना असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा), कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा रिकामा डबा आणि बिलाची झेरॉक्स. सगळी सॉफ्टवेअरं काकांनी पैसे मोजून घेतली होती, हे मला पक्कं माहीत आहे. चोरीच्या सीडीला त्यांनी कधी हात लावला नाही.

मशीन फार हळू चालत होतं. ओळखीच्या एका टेक्निशियनकडे दिलं. त्याने २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून विंडोज १० नव्याने टाकलं आणि संध्याकाळी परत दिलं. वेग छान आला, पण बाकी सगळं गेलं. कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' असं येतंय. कोरल टाकायला गेले तर सिरीयल नंबर मागतं, आणि डब्यावरचं स्टिकर दमट हवेने इतकं पुसलंय की शेवटचे चार आकडेच वाचता येतात. पेनड्राइव्हवर काकांच्या काही जुन्या फाइली होत्या, त्या उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती गिचमीड. डोंगल लावलं की दिवा लागतो, पण श्रीलिपीच नाही म्हटल्यावर त्याचा काय उपयोग?

टेक्निशियन म्हणतो, "ताई, क्रॅक मारून देतो, दहा मिनिटांचं काम." परवाना चुकवायचं ते काम मला नको आहे. लोकांची आधारकार्डं, सातबारा माझ्याकडे स्कॅनला येतात. आणि काकांनी आयुष्यभर जे टाळलं ते त्यांच्याच मशीनवर करायला मन घेत नाही.

की (परवान्याचा कोड) दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून चालवलं. त्यात विंडोज १० प्रोची की मिळाली, शेवट '३व्ही६६टी' असा. आनंदाने टाकून बघितली, अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. कुठे चुकतेय?

---

खटपट्या:

तुमचं काही चुकलेलं नाही. ३व्ही६६टी ने संपणारी की ही सगळ्यांची सारखीच असते. विंडोज १० प्रो बसवताना की दिली नाही की तात्पुरती हीच बसते. तिने अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही.

आता मुख्य मुद्दा. मशीन कंपनीचं आहे की असेंबल केलेलं? कंपनीचं असेल आणि विंडोज ८ किंवा त्यानंतरचं सोबत आलं असेल, तर मूळ की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. डिस्क बदलली, फॉरमॅट मारला, तरी ती जात नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'बायोस ओईएम की' अशी आणखी एक ओळ दिसते का बघा.

माझा अंदाज सांगतो. आपल्याकडे दुकानातून येणाऱ्या बहुतेक मशिनांत विंडोजचं होम सिंगल लँग्वेज हे एडिशन (प्रकार) असतं. टेक्निशियन लोकांच्या पेनड्राइव्हवर प्रो असतं, ते सरसकट तेच टाकतात. परवाना होमचा आणि टाकलंय प्रो, मग मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर ओळख देणार कशी? प्रोवरून होमला जागच्या जागी उतरता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून इन्स्टॉलर घेऊन नव्याने टाकायला लागेल. चिपमध्ये की असेल तर तो एडिशन विचारतसुद्धा नाही, आपलं आपण होम टाकतो. नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट.

---

सुरंगी:

कंपनीचं आहे, २०१६ सालचं. आणि हो, बायोस ओईएम की अशी ओळ आहे! खाली होती, माझं लक्षच गेलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली आहे. "नंतर फॉरमॅट करून डी ड्राइव्ह म्हणून वापरा" म्हणाला. ती आज जोडून फॉरमॅट करणार होते, म्हणजे निदान जागा तरी मिळेल.

---

कातळसडा:

ताई, थांबा! ती डिस्क फॉरमॅट करू नका. तुमची सगळी उत्तरं त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहेत.

मी कुडाळला हेच काम करतो, म्हणून नीट सांगतो. एसएसडीची केबल काढा आणि जुनी डिस्क पहिल्यासारखी जोडा. मदरबोर्ड तोच आहे, त्यामुळे काकांचं विंडोज जसंच्या तसं सुरू होईल. वेळ लागेल, कंटाळू नका. सुरू झालं की कोरल उघडा, हेल्प मेनूत अबाउटवर जा. तिथे पूर्ण सिरीयल नंबर असतो. डब्यावरच्या शेवटच्या चार आकड्यांशी जुळवून बघा. मोबाइलवर फोटो काढाच, पण वहीतही लिहा. आठ आणि इंग्रजी बी, शून्य आणि ओ यांत गफलत होते. मायक्रोसॉफ्टच्या पंचवीस अक्षरी कीमध्ये शून्य, एक, ओ, आय येतच नाहीत, म्हणून तिथे निदान शून्य-ओचा घोळ नसतो. कोरलला तसं समजू नका.

आता श्रीलिपीचं. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये श्री-देव नावाने सुरू होणारे फॉन्ट असतील, ०७०८ वगैरे आकडे असलेले. ते सगळे पेनड्राइव्हवर घ्या. काकांच्या फाइली बिघडलेल्या नाहीत. हे फॉन्ट युनिकोडच्या (आजच्या प्रमाण अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे आहेत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, ती तुमची गिचमीड. फॉन्ट टाकले की मजकूर परत दिसेल.

श्रीलिपीचा परवाना डोंगलमध्येच असतो, फॉरमॅटने त्याला काही होत नाही. पण सीडी त्याच आवृत्तीची शोधा. डोंगल कुठे पडलं-झडलं तर मात्र पंचाईत होईल. त्याला दोरी बांधा, आणि खाऱ्या हवेत उघडं ठेवू नका.

दुसरं असं की काकांच्या मुलाकडून एका कागदावर लिहून घ्या: मशीन, कोरल, श्रीलिपी तुम्हाला दिली, तारीख, सही. कंपनीकडे मदत मागायला गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो. मशिनासोबत आलेलं विंडोज त्या मशिनाबरोबरच जातं, बाकीची सॉफ्टवेअरं आपोआप तुमच्या नावावर होत नाहीत.

---

गजाली:

गावचो माणूस म्हणान एक सांगतंय. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि २०१६ चं मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आधारकार्ड, सातबारा स्कॅन करता ना? मग नेटची कामं दुसऱ्या मशीनवर ठेवा, हे मशीन नुसतं कंपोझिंगला.

---

सुरंगी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

जुनी डिस्क जोडली. सुरू व्हायला जवळजवळ सात मिनिटं लागली, आणि मग काकांचा डेस्कटॉप समोर आला. वॉलपेपरला कुणकेश्वरचं देऊळ. एका फोल्डरला माझं नाव होतं. मी शिकत असताना केलेल्या पत्रिका त्यांनी त्यात ठेवल्या होत्या, पहिल्या पत्रिकेत मी 'शुभाशीर्वाद' चुकीचा जोडला होता तीसुद्धा. थोडा वेळ मला पुढे काही सुचेना.

कोरलचा सिरीयल नंबर अबाउटमध्ये होता, शेवटचे चार आकडे डब्याशी जुळले. श्री-देवचे सगळे फॉन्ट घेतले. पूर्ण डिस्कची कॉपी एका बाहेरच्या डिस्कवर केली, त्याला सबंध रात्र गेली. मग डिस्क काढून एसएसडी परत लावली आणि विंडोज नव्याने टाकलं. खटपट्या म्हणाले तसंच झालं, एडिशन न विचारता होम सिंगल लँग्वेज बसलं आणि नेट जोडल्यावर कोपऱ्यातली ती ओळ गेली. फॉन्ट टाकले, काकांची फाइल उघडली आणि पहिली ओळ दिसली: ॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

काकांचा मुलगा शिमग्याला आला होता. कागद लिहून सही करून दिली, बिलाची मूळ प्रतही शोधून दिली.

आता एकच अडलंय. श्रीलिपीची सीडी बिलासोबत मिळाली, पण तिला बुरशी धरली आहे आणि ड्राइव्ह ती वाचत नाही. फॉन्टमुळे जुन्या फाइली दिसतात, पण नवीन मजकूर टाइप करायला प्रोग्रॅम लागतोच. बिल, डोंगल आणि सहीचा कागद दाखवून पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेककडे इन्स्टॉलर मागणार आहे. तसा कुणी मागितला आहे का? पत्रात डोंगलवरचा नंबर लिहायचा की बिलाचा? बागेतली पहिली तोड आठवड्यावर आली आहे.