मदत हवी आहे: २८ मेगाहर्ट्झच्या व्हिस्पर ट्रान्समीटरला बाहेरून कोणता रेफरन्स क्लॉक द्यावा?

नमस्कार मंडळी,

एसआय५३५१ए या सिंथेसायझर चिपवर (रेफरन्स क्लॉकच्या, म्हणजे मूळ ठोक्याच्या आधारे हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारी चिप) चालणारा छोटा ट्रान्समीटर बांधला आहे. पॉवर २०० मिलीवॅट, काम एकच, व्हिस्परचे (कमी पॉवरवर लांब पोचणारी हौशी रेडिओतली डिजिटल पद्धत) संदेश पाठवणं. १४ मेगाहर्ट्झवर छान चालला. २८ वर नेला आणि तिथे अडकलोय.

संदेश जात असताना फ्रिक्वेन्सी घसरते. वेगळ्या रिसीव्हरवर (तो तासभर आधी चालू करून ठेवला होता) वॉटरफॉल (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारा सरकता आलेख) बघितला. रेघ सरळ खाली यायला हवी, ती डावीकडे वळत येते. पहिली तीस-चाळीस सेकंद झपाट्याने, पुढे हळूहळू. ११०.६ सेकंदांच्या एका संदेशात एकूण साधारण ७ हर्ट्झ. १४ वर मोजलं तर साडेतीन. म्हणजे दोन्हीकडे पाव पीपीएम (दहा लाखात पाव भाग), आणि म्हणून मला दोष चिपशेजारच्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा वाटतो. क्रिस्टलच्या डबीवर नुसतं बोट टेकवलं तरी रेघ लगेच हलते. स्पंजचा तुकडा चिकटवून बघितला. घसरण उशिरा सुरू झाली, पण थांबली नाही.

ज्यांनी व्हिस्पर वापरलं नसेल त्यांच्यासाठी: चार टोन, दोन टोनमधलं अंतर १.४६४८ हर्ट्झ, सगळा सिग्नल मिळून जेमतेम ६ हर्ट्झ रुंद. तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकत असेल तर पलीकडच्या डीकोडरने काय करावं? जवळची स्टेशनं अजून ऐकतात, लांबची गेली. ती परत मिळवायची आहेत, त्यासाठीच हा खटाटोप.

एक गोष्ट आधीच सांगतो. फ्रिक्वेन्सी अचूक असण्याची मला फारशी काळजी नाही. १ पीपीएमची चूक म्हणजे २८ वर २८ हर्ट्झ. व्हिस्परची खिडकी २०० हर्ट्झची आहे, मी मधोमध बसतो, आणि कायमची चूक सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्याने जाते. मला हवी आहे ती दोन मिनिटांपुरती स्थिरता.

डोक्यात तीन पर्याय आहेत.

२५ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम स्वतःच भरून काढणारा ऑसिलेटर), अर्धा पीपीएमवाला. सोपा आणि लहान. पण अर्धा पीपीएम म्हणजे १४ हर्ट्झ, आणि माझी घसरण तर आत्ताच ७ आहे! मग फायदा काय, हे मला कळत नाहीये.

१० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ (क्रिस्टल कायम एकाच तापमानाला गरम ठेवणारा ऑसिलेटर). वापरलेला एक हाताशी आहे, ५० ओहमवर +७ डीबीएम (सुमारे ५ मिलीवॅट) साइन लाट देतो. पण माझ्या एसआय५३५१ए चिपच्या डेटाशीटमध्ये २५ किंवा २७ मेगाहर्ट्झच दिलंय. गणित केलं तर जमतंय असं दिसतं: आउटपुटला ३० ने भागायचं, म्हणजे व्हीसीओ (चिपमधला वेगवान ऑसिलेटर) ८४३.७८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे रेफरन्सचा गुणक ८४.३७८. कमाल ९० चालतो. तरीही मन धजत नाही.

तिसरा, वेळेसाठी जीपीएस मॉड्यूल लावलेलंच आहे. त्याची टाइमपल्स पिन १० मेगाहर्ट्झपर्यंत देते. तीच थेट रेफरन्स म्हणून दिली तर?

कोणी यातलं काही करून बघितलंय का? सध्याचा क्रिस्टल काढून एक्सए पिनला (क्रिस्टलच्या एक्सए आणि एक्सबी या दोन पिनांपैकी एक) बाहेरचा क्लॉक द्यायचा तर जोडणी कशी करावी, तेही सांगा.

प्रतिसाद:

घसरण मोजून, दोन बँडवर ताडून मग विचारलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

जीपीएसची पिन थेट देऊ नका. तुमच्या मॉड्यूलचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं असेल तर १० ने त्याला पूर्ण भाग जात नाही. मग कडा कधी अलीकडे कधी पलीकडे, सुमारे २१ नॅनोसेकंदांच्या उड्या मारत येतात. सरासरी अगदी बरोबर असते, पण सिंथेसायझरचा पीएलएल (रेफरन्सच्या मागोमाग व्हीसीओला चालवणारं सर्किट) त्या उड्या जशाच्या तशा पुढे पाठवतो. जीपीएसने एखादा चांगला ऑसिलेटर हळूहळू ताळ्यावर ठेवायचा आणि त्याचा आउटपुट वापरायचा, ही त्याची खरी जागा.

टीसीएक्सओबद्दलचा तुमचा हिशोब मात्र चुकतोय. तो अर्धा पीपीएम पूर्ण तापमानपट्ट्यासाठी असतो, बहुधा उणे ३० ते अधिक ८५ अंशांसाठी. तुमच्या डब्यात दोन मिनिटांत दोन-चार अंशच बदलतात. तेवढ्यात तो त्यातला थोडासाच भाग हलेल.

पण खरेदीच्या आधी एक करा. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा पुरवठा तोडा आणि नुसत्या सिंथेसायझरची घसरण मोजा. ती चिप स्वतःही तापते, आणि क्रिस्टल तिला खेटून असतो. दुसरं, संदेश नसतानाही चिपचा आउटपुट बंद करू नका. अ‍ॅम्प्लिफायरला न जोडलेल्या दुसऱ्या पिनवर जवळपासची फ्रिक्वेन्सी चालू ठेवा. चिप एकसारखी गरम राहिली की सुरुवातीची ती वेगवान घसरण कमी होते.

धागाकर्ता:

काल रात्री बसून मोजलं. अ‍ॅम्प्लिफायर तोडल्यावर ७ ची घसरण २ वर आली. दुसरी पिन सतत चालू ठेवल्यावर ती २ सुद्धा गेली, रेघ पट्टीने आखल्यासारखी! म्हणजे उरलेले ५ हर्ट्झ अ‍ॅम्प्लिफायरच्या उष्णतेचे. त्याचा ट्रान्झिस्टर आणि क्रिस्टल एकाच तांब्याच्या ग्राउंडवर आहेत, मध्ये जेमतेम तीन सेंटीमीटर. हे आधी लक्षात यायला हवं होतं. मनापासून आभार.

आता टीसीएक्सओच घेतो. जोडणीचं तेवढं सांगा.

प्रतिसाद:

मूळ क्रिस्टल काढा. टीसीएक्सओ वेगळ्या छोट्या बोर्डवर, अ‍ॅम्प्लिफायरपासून लांब, शक्यतो डब्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक्सए पिनला. एक्सबी मोकळी सोडा. एक्सएवर शिखर ते शिखर १ व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. क्लिप्ड साइनवाला टीसीएक्सओ साधारण ०.८ व्होल्ट देतो, म्हणून तोच घ्या. ३.३ व्होल्टचा चौकोनी लाटेचा घेतलात तर दोन रोधांनी भागावा लागेल. चिपमधला लोड कपॅसिटर सर्वात कमी, ६ पिकोफॅरडवर ठेवा.

टीसीएक्सओला स्वतःचा वेगळा रेग्युलेटर द्या. नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर चालू होताच व्होल्टेज खचतं आणि फ्रिक्वेन्सी सरकते. वॉटरफॉलवर दोन्हींतला फरक सहज दिसतो: उष्णतेने रेघ वळते, व्होल्टेजने रेघ एकदम पायरी घेते.

ओसीएक्सओ जपून ठेवा. पुढेमागे १४४ मेगाहर्ट्झवर गेलात तर १ पीपीएम म्हणजे १४४ हर्ट्झ, तिथे तो लागेल. त्यासाठी याच चिपची सी आवृत्ती (एसआय५३५१सी) घ्या, तिला बाहेरच्या क्लॉकसाठी वेगळी पिन आहे आणि १० मेगाहर्ट्झ तिच्या डेटाशीटमध्येच बसतं.

धागाकर्ता:

टीसीएक्सओ आणि रेग्युलेटर दोन्ही मागवले. बसवल्यावर आधीच्याच रिसीव्हरवर, त्याच मांडणीत दोन्ही बँड पुन्हा मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.