मदत हवी आहे: आमच्या ग्रंथालयाची पुस्तकयादी गूगलला दिसतच नाही

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आमच्या ग्रंथालयात एक मुलगा आला. बडोदे संस्थानात १९०६ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू झालं, त्यावर तो पीएचडी करतोय. एका जुन्या मराठी पुस्तकासाठी पुण्याच्या दोन खेपा झाल्या होत्या त्याच्या. ते पुस्तक आमच्या सात नंबरच्या कपाटात होतं, आणि हा मुलगा राहतो इथेच बडोद्यात, मकरपुऱ्याला! "काकू, मी सगळीकडे शोधलं होतं हो," म्हणाला आणि मोबाइलवर पुन्हा शोधून दाखवलं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पुढे बडोदे. आमचा कुठे मागमूस नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

आम्ही दांडिया बाजारातलं एक छोटं मराठी ग्रंथालय चालवतो. सगळे हौशी स्वयंसेवक. सुमारे ४,२०० पुस्तकांची यादी संकेतस्थळावर चढवली, त्यात दोन वर्षं गेली. पहिल्या पानावर शोधपेटी आहे. तिथे पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव लिहिलं की त्या पुस्तकाचं पान उघडतं. आमचं पूर्ण नाव गूगलवर लिहिलं तर पहिलं पान येतं. म्हणजे आम्ही त्याला माहीत आहोत. मग पुस्तकं का नाहीत?

याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणी मी कार्डांचे खण उघडून पुस्तकं शोधली आहेत. कार्ड खणात असलं की पुस्तक सापडणार, हा हिशोब मला समजतो. गूगलचा खण कोण भरतं, ते समजत नाही.

आता निकडीचं. एका माणसाचा सारखा फोन येतोय. बारा हजार रुपयांत "पहिल्या पानावर पहिला नंबर" देतो म्हणतो. रविवारी समितीची बैठक आहे आणि दोघातिघांचं मत पैसे देऊन टाकावे असं पडतंय. बारा हजारांत आमची वर्षाची नवी पुस्तकं येतात. द्यावे का?

प्रतिसाद १

ताई, पैसे अजिबात देऊ नका. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. असे लोक बहुतेक वेळा कुठल्या कुठल्या साइटींवरून विकतचे दुवे (लिंक) जोडतात. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०१२ मध्ये गूगलच्या शोधपद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आला तो अशाच दुव्यांसाठी, आणि त्यात पुष्कळ साइटी खाली गेल्या.

तुमची अडचण क्रमांकाची नाहीच, नोंदीची आहे. तुमचा खणांचा दाखला अगदी नेमका आहे, तोच पुढे नेतो. आपण शोध घेतो तेव्हा गूगल जगभर धावत नाही. त्यानं आधीच करून ठेवलेल्या सूचीत बघतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, अमुक शब्द अमुक पानांवर, तशीच. फक्त अब्जावधी पानांची. ही सूची भरायला गूगलबॉट नावाचा प्रोग्राम पानं वाचत फिरतो. एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या. तुमच्या पुस्तकांच्या पानांकडे जाणारा दुवा कुठे आहे? कुठेच नाही. फक्त शोधपेटी आहे, आणि तो काही पेटीत चार हजार नावं टाइप करत बसत नाही. तो दारापर्यंत येतो, पहिलं पान वाचतो आणि परत जातो.

म्हणून लेखकांची अ ते ज्ञ अशी पानं करा, विषयवार पानं करा, आणि तिथून प्रत्येक पुस्तकाला साधा दुवा द्या. शिवाय साइटमॅप द्या, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक फाइल. एका साइटमॅप फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, तुमचं सगळं एकीतच बसेल. तो गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या सेवेत भरायचा, फुकट आहे. साइटमॅप म्हणजे आमंत्रण. आत घेईलच असं नाही. पण कुठलं पान सूचीत आहे आणि कुठलं नाही ते तिथे एकेक पत्ता घालून कळतं.

प्रतिसाद २

काकू, एक करा. यादीतली एखादी जुनी नोंद कॉपी करून मोबाइलवर कोणाला तरी पाठवा आणि काय दिसतं ते सांगा.

धागाकर्ती

पाठवली. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! साइटवर तर स्वच्छ मराठी दिसतं. सुमारे १,८०० नोंदी पूर्वीच्या स्वयंसेवकांनी त्यांच्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या, त्या तशाच चढवल्या. आणि जवळपास ६०० नोंदी म्हणजे हस्तलिखित रजिस्टरच्या पानांचे फोटो आहेत.

प्रतिसाद २

मग हे दुसरं कारण. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला "क" दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर. गूगल आतलं वाचतं. त्याच्या लेखी तुमच्या त्या नोंदी मराठीत नाहीतच. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तेच वापरायचं. फॉन्टचं नाव कळलं तर फुकटचे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास गडबड होते. फोटोंतल्या अक्षरांवरही भिस्त ठेवू नका. रजिस्टर टाइपच करावं लागेल.

आणखी एक, आपल्या गावापुरतं. आपण बडोदे लिहितो, कोणी बडोदा लिहितं, नवी पोरं वडोदरा लिहितात. साइटवर पत्ता, ओळख, तळटीप अशा ठिकाणी ही नावं सहज येऊ द्या.

धागाकर्ती

डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं. दोघांचे मनापासून आभार. आता एकच विचारते. दुवे दिले, युनिकोड केलं, की आम्ही वर येऊ का? वर कोण, खाली कोण, हे ठरतं कसं?

प्रतिसाद १

पूर्वी पानावर तो शब्द किती वेळा आला यावर बराच भर असे, म्हणून लोक एकच शब्द शंभरदा कोंबायचे. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी दुव्यांचा हिशोब मांडला आणि १९९८ मध्ये त्यातून गूगल कंपनी उभी राहिली. कल्पना शोधनिबंधांसारखी आहे. ज्याचा उल्लेख इतर अभ्यासक करतात तो निबंध वजनदार, आणि उल्लेख करणारा स्वतः वजनदार असेल तर त्याच्या उल्लेखाला जास्त किंमत. पानांचंही तसंच. याला पेजरँक म्हणतात. आज त्यात शब्दांचा अर्थ, शोधणाऱ्याचं ठिकाण, पान मोबाइलवर नीट उघडतं का, अशा पुष्कळ गोष्टी मिसळल्यात, पण दुव्यांचं महत्त्व गेलेलं नाही.

तुमच्या बाबतीत मात्र स्पर्धा आहेच कुठे? त्या मुलाचं पुस्तक शोधलं तर जगात मोजकीच पानं निघतील. तुमचं पान सूचीत शिरलं की ते त्यांच्या शेजारीच दिसेल. धोका वेगळाच आहे. नुसतं नाव आणि लेखक, अशी एकेका ओळीची चार हजार पानं गूगल वाचून सोडून देऊ शकतं. म्हणून दुर्मीळ शंभरेक पुस्तकं निवडा आणि प्रत्येकावर पाच-सहा ओळी लिहा: प्रकाशनवर्ष, अनुक्रमणिका, पुस्तकाची अवस्था. हे तुमच्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही. आणि विद्यापीठाच्या मराठी विभागाला, इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांना तुमचा दुवा त्यांच्या पानावर द्यायची विनंती करा. हे दुवे खरे असतील आणि एक पैसाही लागणार नाही.

धागाकर्ती

रविवारी बैठक झाली, फोनवाल्याला नकार कळवला. लेखकवार पानं झाली, साइटमॅप भरला. तीन आठवड्यांत २३१ पुस्तकं सूचीत दिसू लागली. त्यात सात नंबरच्या कपाटातलं ते पुस्तकही आहे. मी त्या मुलाला लगेच फोन केला.

आता १,८०० नोंदींचे रफार तपासायचे आहेत आणि रजिस्टर टाइप करायचं आहे. बडोद्यात कोणाला रविवारी सकाळी दोन तास देता येत असतील तर इथे लिहा. दोन संगणक आहेत, युनिकोडचा कीबोर्ड बसवलाय, चहा आमच्याकडे.