शब्द हवा आहे: न्यूग्रेंजचं 'पॅसेज टूम'

अडलेली अनुवादिका: आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजवरचा लेख मराठीत करतेय. इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं बांधकाम. साधारण ८५ मीटर व्यासाचं टेकाड, पोटात १९ मीटर लांबीची दगडी वाट, टोकाला दालन. इंग्रजीत याला 'पॅसेज टूम' म्हणतात, म्हणजे आत वाट असलेलं थडगं. मी 'नवाश्मयुगीन महापाषाण समाधी' लिहिलं. संपादक म्हणतात, महापाषाण म्हणजे लोहयुग, मग नवाश्म कसं?

वऱ्हाडी: आपल्याकडची, नागपूरजवळच्या जुनापाणी, माहूरझरी, नायकुंडची शिलावर्तुळं लोखंडाच्या काळातली, म्हणून आपण त्या शब्दालाच काळ चिकटवला. महापाषाण म्हणजे नुसता मोठा दगड. जुनापाणीला आम्ही सायकलवर जायचो, बसायला सावली नाही हीच तेव्हाची तक्रार.

खवचट: 'समाधी' आधी काढा. ती संतांची. साधं 'थडगं' म्हणा.

अडलेली अनुवादिका: थडगं म्हटलं की गावाबाहेरचा चौथरा दिसतो हो. इथं आत चालत जाता येतं.

पैलथडी: थडगं हे 'थड'वरूनच आलं असणार, नदीकाठी पुरत म्हणून. न्यूग्रेंजही बॉइन नदीच्या थडीलाच!

खवचट: मग दगडाला 'दगा'वरून आणा.

मेजवाला: 'पॅसेज टूम'च ठेवा. टेबलाला कोण मेज म्हणतं?

वऱ्हाडी: मेज तरी कुठं आपलं? 'दफनदालन' लिहा. 'शवागार' मात्र नको, पोस्टमॉर्टेमची आठवण येते.

अडलेली अनुवादिका: दफनदालन बरंय. आता 'रूफबॉक्स'. दारावरच्या फटीतून हिवाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवतीचा किरण दालनापर्यंत जातो, जेमतेम १७ मिनिटं. उत्खनन करणाऱ्या ओ'केलींनी तो १९६७च्या डिसेंबरात पाहिला. 'झरोका' चालेल?

रंकाळा: अहो, हा तर किरणोत्सव! आमच्या अंबाबाईला नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं येतात.

खवचट: तिथं उत्सव व्हायचा हे तुम्हाला कुणी कळवलं?

रंकाळा: तिकडं त्या पहाटे आत जायला सोडत काढतात म्हणे. मग उत्सवच की.

पैलथडी: दर्शनी पांढरी गारगोटीची भिंत ओ'केलींनी पडलेल्या दगडांतून पुन्हा उभी केली, त्यावरून अजून वाद आहे. त्याला 'जीर्णोद्धार' म्हणणार का?

वऱ्हाडी: मुळीच नाही. जीर्णोद्धारात देव पुन्हा पूजेला लागतो. ही 'पुनर्रचना', तीही तर्काने केलेली. दालनाचं छत मात्र मूळचंच. थरावर थर पुढं काढत रचलेलं, पाच हजार वर्षं पाणी आत येऊ दिलं नाही. १९९३मध्ये जागतिक वारशात घेतलं ते उगीच नाही.

मेजवाला: आमच्या सोसायटीची गच्ची दर पावसाळ्यात गळते.

रंकाळा: गच्ची राहू दे. यंदा अंबाबाईच्या किरणांच्या वाटेत कुठली इमारत आली, ते बोला.