मदत हवी आहे : सीबीसीमधील एनएलआर आणि प्री-एक्लॅम्प्सिया

नमस्कार. तासगाव तालुक्यात माझी लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. गरोदर महिलांच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, म्हणजे एनएलआर, वेगळे छापावे, असे आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सुचवले आहे. प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात रक्तदाब वाढणे आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाणे, हा गंभीर विकार) शरीरातील दाह वाढलेला असतो आणि हे गुणोत्तर जादा खर्चाविना मिळते, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच गैरलागू नाही.

माझी अडचण अशी, की निरोगी गरोदरपणातही न्यूट्रोफिल वाढतातच, शिवाय लघवीचा साधा जंतुसंसर्गसुद्धा हा आकडा वर नेतो. अलीकडेच बत्तिसाव्या आठवड्यातील एका ताईंच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के, म्हणजे एनएलआर थेट ७ आला. रक्तदाब मात्र ११८/७६ होता आणि लघवीत प्रथिने नव्हती. चौकशी केल्यावर कळले, की बाळाच्या फुप्फुसांसाठी आदल्या दिवशी त्यांना बीटामेथासोनचे इंजेक्शन दिले होते! स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, पण फॉर्मवर त्याचा उल्लेखच नव्हता.

प्री-एक्लॅम्प्सियासाठी एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ या रक्तातील, वारेशी संबंधित दोन प्रथिनांच्या गुणोत्तराची तपासणी अधिक नेमकी आहे, हे मान्य. परंतु तिचा खर्च इथल्या बहुतेक कुटुंबांना झेपणारा नाही.

सांगली-मिरजेकडील पॅथॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विनंती, की आपण एनएलआर रिपोर्टवर देत असाल, तर आठवड्यांनुसार संदर्भमर्यादा कोणती धरता आणि स्टेरॉइड किंवा संसर्गाची नोंद कशी घेता, हे कृपया कळवावे.