मदत हवी आहे: दोन एचएसएस, एकच सिम, सारखं 'सिंक फेल्युअर'

लॅबमधल्या एलटीई नेटवर्कवर दोन एचएसएस (सिमच्या किल्ल्या ठेवून ओळख तपासणारे सर्व्हर) आहेत, दोघांचा एसक्यूएन (तपासणीगणिक वाढणारा क्रमांक) वेगळा चालतो. फोन एकाकडून दुसऱ्याकडे गेला की सिम कार्ड एयूटीएन (एसक्यूएन असलेला नेटवर्कचा ओळखपुरावा) नाकारतं, कॉज २१, म्हणजे सिंक फेल्युअर: क्रमांक मान्य नाही. मॅक फेल्युअर (कॉज २०, पडताळणी-कोड चुकणं) येत नाही, म्हणजे के आणि ओपीसी (सिमची गुप्त मूल्यं) बरोबर आहेत. कार्ड स्वतःचा क्रमांक परत पाठवतं त्या एयूटीएसमधला पडताळणी-कोड (मॅक-एस) जुळतो, रीसिंक होतं, म्हणजे सर्व्हर कार्डाचा क्रमांक धरतो. पण दरवेळी एक फेरी जादा, तीच टाळायचीय. ओळख तपासणीचा अल्गोरिदम मिलेनेज. कार्डं बदलता येणार नाहीत, डेटाबेसही जोडता येणार नाहीत.

टीएस ३३.१०२ (३जीपीपीचं सुरक्षा मानक) च्या परिशिष्ट सी प्रमाणे आयएनडी (एसक्यूएनचे शेवटचे बिट; प्रत्येक आयएनडीसाठी कार्ड वेगळी नोंद ठेवतं) दोन सर्व्हरांत वाटून द्यावा म्हणतोय: ५ बिट धरून एकाला ० ते १५, दुसऱ्याला १६ ते ३१. पण कार्डात जुन्या एसईक्यूसाठी (एसक्यूएनचा आयएनडी सोडून उरलेला भाग) एल मर्यादा, म्हणजे तो किती मागे असला तर चालेल याची हद्द, असेल, तर मागे पडलेला सर्व्हर पुन्हा अडकणार. पुरवठादार काही सांगत नाही. आयएनडीचे बिट किती आणि एल लावलाय का, हे नुसत्या चाचणीतून कसं ओळखायचं?